उपासनेपूर्वी तबला लावणे

शास्त्रभाग : १ करिंथ. १४:६-१२, २ इतिहास ५:११-१४, स्तोत्र ३३:१-३

करिंथ येथील मंडळीला अन्य भाषांविषयी लिहिताना पौलाने मध्येच वाद्यांचा दाखला घेतला आहे. पावा किंवा वीणा यांच्या सुरांत भेद कळत नसेल तर ऐकणाऱ्याच्या पदरी काय पडणार, आणि रणशिंगाचा नाद संदिग्ध असेल तर शिपाई कशाच्या भरवशावर उठणार, असा त्याचा प्रश्न आहे. या अध्यायावर बोलताना आपण लगेच अन्य भाषांच्या वादाकडे वळतो आणि दाखला मागे राहतो. पण तो दाखला नीट पाहण्यासारखा आहे. वाद्य हळू वाजते अशी पौलाची तक्रार नाही. आवाज पुष्कळ असूनही तो स्पष्ट नसेल तर व्यर्थ, हे त्याचे म्हणणे आहे, आणि स्पष्टपणाची कसोटी तो वाजविणाऱ्याच्या हाती न देता ऐकणाऱ्याच्या कानी देतो.

आपल्या मराठी मंडळ्यांत पावा व वीणा क्वचितच दिसतात. पेटी आणि तबला मात्र खेड्यातील लहानशा मंदिरातही असतात. पेटीचे स्वर कारखान्यातच ठरून येतात. ती बिघडली तर कोणाच्याही लक्षात येते. तबला दर वेळी लावावा लागतो, आणि तेच काम बहुतेक ठिकाणी होत नाही. घंटा झाली, पाळकसाहेब उभे राहिले, पहिले गीत सांगितले, की कपाटातून तबला निघतो. वाजविणारा मुलगा दोन थापा मारतो, आवाज ‘ढप्प’ येतो, तो हातोडीने इकडे तिकडे ठोकतो आणि ठेका धरतो. मग मंडळी पेटीच्या एका स्वरात आणि तबल्याच्या दुसऱ्याच स्वरात चार कडवी ओढीत नेते. उपासना संपल्यावर कोणी वडील म्हणतात, तबल्याचा गोंगाट फार होतो, तो बंदच करावा. वस्तुतः तो गोंगाट तबल्याचा नसतो, न लावलेल्या तबल्याचा असतो. हा भेद मंडळीच्या व विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या ध्यानात यावा म्हणून हा पाठ लिहीत आहे.

प्रथम शास्त्रात चर्मवाद्य कोठे येते ते पाहू. आपल्या भाषांतरात ज्याला डफ म्हटले आहे ते इब्री लोकांचे ‘तोफ’ नावाचे वाद्य होय. लाकडाच्या कड्यावर कातडे ताणलेले असे ते हातातले वाद्य होते, आणि शास्त्रात ते बहुतकरून स्त्रियांच्या हाती दिसते. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्यामेने ते घेतले (निर्गम १५:२०), इफ्ताहाची कन्या ते वाजवीत बापाला सामोरी आली (शास्ते ११:३४), शौलाच्या स्वागतास गावोगावच्या स्त्रिया ते घेऊन निघाल्या (१ शमुवेल १८:६). दाविदाने कराराचा कोश प्रथम आणू पाहिला तेव्हा डफ होते (१ इतिहास १३:८). परंतु लेव्यांची रीतसर नेमणूक होऊन कोश आणला गेला, तेथील यादीत झांजा, सतार, वीणा, कर्णे ही नावे आहेत आणि डफाचे नाव नाही (१ इतिहास १५:१६-२८). यावरून डफ देवाला नापसंत होता असा अर्थ कोणी काढू नये, कारण स्तोत्र १४९ व १५० यांत त्याला बोलावणे आहेच. त्या यादीतून इतकेच दिसते की नेमून दिलेल्या सेवेत कोणते वाद्य कोणी वाजवावे याचा विचार होत असे. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या हाताखाली गाण्यात तरबेज झालेले दोनशे अठ्ठ्याऐंशी जण होते (१ इतिहास २५:७). शिकलेले, हा शब्द तेथे महत्त्वाचा आहे. आणि मंदिराच्या प्रतिष्ठेच्या दिवशी एकशेवीस याजकांचे कर्णे व गाणाऱ्यांचा आवाज मिळून एकच नाद झाला, तेव्हा परमेश्वराचे मंदिर मेघाने भरले (२ इतिहास ५:१२, १३). एकशेवीस कर्णे एका नादात आणावयाचे म्हणजे आधी किती तयारी झाली असेल, याची कल्पना वाद्यास हात लावणाऱ्यालाच येईल.

तोफ या वाद्याला सूर चढविण्या-उतरविण्याची सोय नव्हती. आपल्याकडची हलगी त्याच जातीची. हलगी वाजविणारे आधी जाळ करून तिचे कातडे शेकतात, म्हणजे ओल जाऊन ते ताणते व आवाज कडक होतो. थंड पडली की पुन्हा शेकतात. तबल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला ठरलेला स्वर आहे आणि तो स्वर बदलण्याची साधने त्याच्या अंगावरच बांधलेली आहेत.

हा ठरलेला स्वर येतो कोठून? साधे ताणलेले कातडे वाजविले तर त्यातून मूळ नादाबरोबर जे वरचे नाद निघतात ते मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट असे सरळ हिशोबात नसतात; म्हणून कानाला एक स्वर पकडता येत नाही, केवळ धप्प असा आवाज येतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध लोखंडाची बारीक पूड व खळ यांची शाई थरावर थर देऊन घोटलेली असते. त्या वजनामुळे वरचे नाद सरळ हिशोबाच्या जवळ येतात आणि तबला गाऊ लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या पत्रात हे दाखवून दिले, म्हणजे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्याच्या दहा वर्षे आधी. पुडी करणाऱ्या कारागिरांना मात्र ते हाताने पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष कृती. तबल्याच्या लाकडी खोडाच्या तोंडावर पुडी असते. तिच्या काठाला चाट, आत लव, मध्ये शाई. काठाभोवती चामड्याचा विणलेला गजरा. गजऱ्यातून वादी खाली-वर ओवलेली असते, आणि तिच्यामुळे गजऱ्यावर सोळा घरे पडतात. वादीखाली आठ लाकडी गठ्ठे असतात. गठ्ठा हातोडीने खाली ठोकला की वादी ताणते व स्वर चढतो. वर सरकविला की उतरतो. हे ढोबळ काम. बारीक काम गजऱ्यावर करावयाचे: गजऱ्यावर वरून हलकेच ठोकले तर त्या घराचा स्वर किंचित चढतो, खालून वर ठोकले तर उतरतो. हातोडी पुडीला किंवा शाईला कधीही लागू देऊ नये. शाईचा टवका उडाला की तो तबला पुन्हा तसा बोलत नाही.

मुख्य नियम हा की सोळाही घरे एका स्वरात यावीत. नवशिका माणूस एकाच बाजूला ठोकीत बसतो, कारण तो तेथेच ‘ना’ वाजवितो. ती बाजू पेटीला मिळते, उरलेल्या बाजू मिळत नाहीत, आणि सगळ्या पुडीत भांडण लागते. आवाजात आस राहत नाही, थरथर येते. म्हणून असे करावे. एक घर समोर घेऊन त्याला इच्छित स्वरावर आणावे. मग त्याच्या बरोबर समोरचे, म्हणजे नववे घर पाहावे. नंतर पाचवे व तेरावे. मग तिसरे व अकरावे, सातवे व पंधरावे, आणि शेवटी मधली. चुंबळीवर तबला फिरवीत प्रत्येक घर आपल्यापुढे आणावे, अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकवून तर्जनीने चाटेवर वाजवावे, आणि कान द्यावा. जे घर खाली असेल ते थोडेसे चढवावे. थोडेसे, कारण एक घर हलविले की शेजारची दोन हलतात. पहिली फेरी झाल्यावर दुसरी फेरी करावी लागतेच. चांगले वाजविणारे तिसरीही करतात. या सर्वास सराव असेल तर दहा मिनिटे, नसेल तर वीस मिनिटे लागतात. उपासना नऊ वाजता असेल तर तबलजीने साडेआठला मंदिरात असावे, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांनी त्याच्या आधी. पुष्कळ ठिकाणी अडते ते या किल्लीपाशीच.

हवेचा विचार न करता ठोकाठोक केली तर काय होते याचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आम्ही शब्बाथशाळेचे काही शिक्षक शिबिरासाठी मांडूस गेलो होतो. मांडू हे धारच्या पुढे, विंध्याच्या कडेवर सुमारे दोन हजार फूट उंचीवर आहे, आणि पावसाळ्यात तेथे ढग खोलीत शिरतात. तेथे गेले की वाटाडे बाजबहादूर व रूपमती यांच्या कहाण्या सांगतात. त्यांतील खरे किती ते असो, पण ‘आईन-ए-अकबरी’तील अकबराच्या दरबारी गवयांच्या यादीत माळव्याच्या या सुलतानाचे नाव आहे, ही गोष्ट कहाणी नव्हे. इंदूरहून आणलेला आमचा तबला निघताना काळी एकवर सुंदर लागलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धुक्यात तो जवळजवळ अर्धा स्वर खाली उतरला, कारण कातडे ओल धरते व सैलावते. आमच्यातील एका उत्साही तरुण बंधूने आठही गठ्ठे ठोकून तो पुन्हा काळी एकवर आणला. सकाळची उपासना उत्तम झाली. दुपारी ऊन पडले, तबला खिडकीत राहिला, आणि दोनच्या सुमारास बाण सुटल्यासारखा आवाज होऊन पुडी चाटेपासून शाईपर्यंत फाटली. ओल्या कातड्याला दिलेला ताण कोरड्या कातड्याला सोसवला नाही. अशा हवेत आधी तबला कोरड्या फडक्याने पुसून अंगाखालच्या कपड्यांत गुंडाळून ठेवावा, किंवा विस्तवापासून हातभर दूर धरून कोमट करावा. मग गरज पडेल तेवढेच ठोकावे, आणि वाजवून झाल्यावर गठ्ठे थोडे वर सरकवून ताण उतरवून ठेवावा. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने स्वर आपोआप चढतो, तेव्हाही हीच काळजी घ्यावी.

यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: तबला कोणत्या स्वरात लावावा? वाजविणाऱ्याला चढा स्वर आवडतो, कारण त्यात बोटे चमकतात. पेटीवाल्याला आपला सवयीचा पडदा आवडतो. पण गाते ती मंडळी, आणि मंडळीत साठ वर्षांच्या बाया असतात, आवाज फुटणारे मुलगे असतात, दिवसभर राबून आलेले लोक असतात. म्हणून प्रथम गीताची सर्वांत वरची ओळ मंडळीला ओरडल्यावाचून गाता येईल असा षड्ज ठरवावा, त्याप्रमाणे पेटी, आणि पेटीप्रमाणे तबला. हा क्रम उलटा होऊ देऊ नये. साडेपाच इंचांच्या आसपास तोंड असलेला तबला काळी एकवर बरा बोलतो. गीत काळी तीनच्या षड्जात असेल तर तोच तबला पंचमाला मिळतो. काळी चारच्या षड्जात असेल तर मध्यमाला. प्रत्येक गीताला ठोकत बसण्याची गरज नाही. पेटीवाल्याने व तबलजीने शनिवारी बसून गीतांचे षड्ज लिहून काढले की रविवारी एकदा लावलेला तबला बहुधा पुरतो. ‘उपासना संगीत’मधील विलायती चालींच्या गीतांना तबला वाजवावा की नाही यावर मतभेद आहेत, माझ्या मते ज्या चालीत एकदम चार आवाज गातात तेथे तबल्याने स्वस्थ बसावे, आणि भजनाला मन लावून वाजवावे.

स्वस्थ बसणे हीही कला आहे. मांडूहून देवास फार दूर नाही. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८ साली देवासला राहावयास आले आणि १९९२ साली निवर्तले तोपर्यंत तेथेच होते. त्यांचे तंबोरे किती काळजीने लावलेले असत हे त्यांच्या मैफली ऐकलेले लोक आजही सांगतात. पुष्कळ वर्षे त्यांची साथ केली ती वसंतराव आचरेकर यांनी. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मिळाल्या तर आमच्या तरुण तबलजींनी अवश्य ऐकाव्या. साधा ठेका, पण प्रत्येक बोल गाणाऱ्याच्या षड्जाला चिकटलेला. गाणे पुढे राहते व तबला त्याखाली जमिनीसारखा असतो.

डग्ग्याला तबल्यासारखा ठराविक स्वर लावीत नाहीत, पण त्याचीही घरे सारखी असावी लागतात, नाहीतर घुमारा येत नाही. ढोलकी व मृदंग यांचे नियम थोडे निराळे. मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणीक लावतात, आणि ती किती लावावी यावर खर्ज अवलंबून असतो. वाजवून झाल्यावर ती काढून टाकावी, वाळू देऊ नये.

काही शहरी मंडळ्यांत व शब्बाथशाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम असतो. त्याला दोन तोंडे. खालचे पातळ असते व त्याला तारांची पट्टी टेकलेली असते. तेथेही समोरासमोरचाच नियम: एक स्क्रू फिरविला की त्याच्या समोरचा तितकाच फिरवावा, आणि प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठी टेकवून आवाज सारखा आहे का पाहावे. खालचे तोंड वरच्यापेक्षा थोडे अधिक ताणावे. तारांची पट्टी फार आवळली तर आवाज गुदमरतो, सैल राहिली तर खुळखुळ्यासारखी वाजते. हलक्या काठीलाही तारा स्वच्छ उत्तर देतील तेथे थांबावे. पेटीचा किंवा ऑर्गनचा खालचा स्वर वाजला की या तारा आपोआप झणझणतात. म्हणून प्रार्थनेच्या व उपदेशाच्या वेळी बाजूचा खटका पाडून तारा दूर कराव्यात. हे न केल्यामुळे कित्येक प्रार्थनांना नको ती साथ मिळालेली आहे.

आता त्या वडिलांकडे वळू, ज्यांना उपासनेत चर्मवाद्य नको असते. ‘ते परधर्मीयांचे आहे’ हे कारण आज टिकत नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या भजनांनी मराठी मंडळीच्या तोंडी देशी चाली कायमच्या बसविल्या. मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर व त्यांचे तिघे सोबती सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईस उतरले आणि रस्त्यातून वाद्ये वाजवीत मिरवणूक काढली म्हणून पकडले गेले, तेही परदेशी लोकच होते. पण कित्येक वृद्धांच्या विरोधाचे खरे कारण ओठावर येत नाही. आपल्यातील पुष्कळांचे पूर्वज महार व मांग समाजांतून ख्रिस्ताकडे आले. गावच्या लग्नाला, वरातीला, जत्रेला हलगी वाजविणे हे मांगांच्या वाट्याला आलेले गावकीचे काम होते. पाटलाचा निरोप आला की जावे लागे, अंगणाबाहेर उभे राहून वाजवावे लागे, आणि मिळेल ते पदरात घेऊन परत यावे लागे. ज्यांनी मोठ्या हिमतीने हे काम सोडले, त्यांना मंदिरात पुन्हा कातड्यावर थाप ऐकू आली तर काय वाटत असेल? त्यांना संगीताचा द्वेष होता असे म्हणणे अन्यायाचे आहे. तरुणांनी त्यांच्याशी वाद घालण्याआधी ही गोष्ट एकदा त्यांच्याच तोंडून ऐकावी.

आणि ऐकल्यावर त्यांच्याबरोबर प्रेषितांची कृत्ये ९:४३ वाचावे. यापोमध्ये पेत्र पुष्कळ दिवस राहिला तो कातडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. मेलेल्या जनावराशी ज्याचा नित्य संबंध त्याचा धंदा यहूदी लोकांत हलका मानला जाई. त्याचे घर समुद्राच्या काठी होते (१०:६). त्याच घराच्या धाब्यावर पेत्राला चादरीचा दृष्टांत झाला, आणि कर्नेल्याची माणसे त्याच घराचा पत्ता विचारीत आली. देवदूताने कर्नेल्याला धंद्यासकट तो पत्ता दिला, झाकून ठेवला नाही. गावकीची हलगी सक्तीची होती. मंदिरातला तबला आपण आपल्या इच्छेने, आपल्या देवापुढे ठेवतो. जो मुलगा अर्धा तास आधी येऊन तो लावतो त्याला कोणी ‘वाजंत्री’ म्हणून हिणवीत असेल तर पंचांनी तेथल्या तेथे बोलावे.

शिक्षकांनी वर्गात एक गोष्ट करून पाहावी. मुलांना डोळे मिटावयास सांगून तबला चुंबळीवर फिरवीत एकेक घर वाजवावे, आणि कोणते घर खाली आहे ते हात वर करून सांगण्यास सांगावे. मुलांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. त्यानंतर १ करिंथ. १४:७, ८ वाचले तर वेगळे स्पष्टीकरण फारसे लागत नाही.

पुडी फाटल्यास किंवा शाई उडाल्यास ती चिकटविण्याच्या भानगडीत न पडता खोड घेऊन कारागिराकडे जावे. पुडी खोडाच्या मापाचीच हवी, आणि आपल्याला कोणता स्वर पाहिजे ते त्याला आधी सांगावे. तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि त्यासाठी मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात रक्कम ठेवावी. घंटेच्या दोरीला ठेवतो तशीच. नवी पुडी पहिले काही दिवस उतरत राहते व दोन-तीनदा ओढून घ्यावी लागते. म्हणून नाताळ किंवा ईस्टर यांच्या तोंडावर पुडी बदलू नये, निदान पंधरा दिवस आधी बदलावी.